चेलो गोऱ्यांचा म्हणून त्याने बास उचलला, आणि मागच्या रांगेतलं वाद्य पुढे आणलं

जॅझ बँडचा कुठलाही जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढून बघा. पुढे ट्रम्पेटवाला गाल फुगवून उभा असतो. सॅक्सोफोनवाल्यावर सगळा उजेड असतो. गायिका असेल तर विषयच संपला. आणि पार मागे, ड्रमच्या शेजारी, आपल्यापेक्षा उंच लाकडी वाद्याला मिठी मारल्यासारखा एक गडी उभा असतो. फोटोखाली त्याचं नाव असेलच याची खात्री नाही. तो बासवाला.

चार्ल्स मिंगस हा असाच एक बासवाला. फरक एवढाच, की तो ज्या बँडमध्ये उभा राहायचा तिथे सगळ्यांचं लक्ष मागे असायचं. वाजवणाऱ्यांचं भीतीने आणि ऐकणाऱ्यांचं कुतूहलाने. हा माणूस अमेरिकेत जन्मला, मेक्सिकोत वारला आणि त्याच्या अस्थी आपल्या गंगेत सोडल्या गेल्या. गंगेचा विषय पुढे येईलच. आधी हे वाद्य काय आहे ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय मिंगसचं भांडण नेमकं कशाशी होतं ते कळत नाही.

डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात थोरला भाऊ. साधारण सहा फूट उंच, चार जाड तारा. पाश्चात्य शास्त्रीय संगीतात तो बहुतेक वेळा गजाने वाजवतात, जॅझमध्ये बोटांनी तार खेचून. जुन्या हिंदी गाण्यांच्या वाद्यवृंदातही हा असायचा, आपण फक्त त्याच्याकडे कधी लक्ष दिलेलं नसतं. त्याची सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. इतका खालचा आवाज मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून धड बाहेरच येत नाही. त्यामुळे हा लेख वाचून मिंगस ऐकावासा वाटला तर कृपया इअरफोन लावा, नाहीतर नेमका तोच गायब असेल.

बासचं काम दुहेरी असतं. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि तानपुरा स्वराचा आधार देतो. जॅझमध्ये यातला बराचसा भार एकटा बासवाला उचलतो. एका मात्रेला एक स्वर, चार मात्रांना चार, असं तो चालत राहतो. म्हणूनच या पद्धतीला वॉकिंग बास म्हणतात. तो चालतोय म्हणून बाकीचे नाचू शकतात. पण त्या काळी बासच्या तारा जनावराच्या आतड्यापासून केलेल्या असायच्या, बासला अॅम्प्लिफायर नसायचा आणि समोर चार-पाच पितळी वाद्यं कर्कश ओरडत असायची. बास ऐकू येण्यापेक्षा जाणवायचा जास्त. तो थांबला की काहीतरी चुकलंय एवढं कळायचं.

या परिस्थितीत 1939 साली जिमी ब्लँटन नावाचा विशीतला पोरगा ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमध्ये आला आणि त्याने बासवर चक्क सोलो वाजवून दाखवले, एखाद्या सॅक्सोफोनसारखे. 1942 साली क्षयाने तो गेला तेव्हा 23 वर्षांचा होता. लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या, त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या मिंगसने हे सगळं कान देऊन ऐकलं होतं.

मिंगसचा जन्म 22 एप्रिल 1922 चा, अॅरिझोना राज्यातल्या नोगालेस या मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावातला. वडील अमेरिकन सैन्यात सार्जंट. आई काही महिन्यांतच वारली, आणि कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात राहायला आलं. घराण्यात आफ्रिकन, चिनी आणि स्वीडिश असं सगळं रक्त मिसळलेलं. त्यामुळे रंग धड काळा नाही, धड गोरा नाही. गोऱ्यांच्या लेखी तो काळा आणि काळ्या पोरांच्या लेखी जरा संशयास्पद. कुठल्याच गटात न बसण्याची ही बोच त्याला आयुष्यभर पुरली.

सावत्र आई धार्मिक होती. घरात चर्चचं संगीत सोडून दुसरं काही चालायचं नाही. पण ते चर्चही साधंसुधं नव्हतं. तिथे प्रवचन सुरू झालं की लोक मधूनच ओरडायचे, टाळ्या वाजवायचे, हुंकार द्यायचे, धर्मगुरू एक ओळ टाकायचा आणि अख्खी सभा त्याला उत्तर द्यायची. आपल्याकडे कीर्तन रंगात आलं की कसं होतं, साधारण तसंच. मिंगसच्या संगीतात पुढे जो गलका ऐकू येतो, मागून येणाऱ्या आरोळ्या, टाळ्या, तो या चर्चमधला आहे. आणि मग एके दिवशी घरातल्या रेडिओवर त्याने एलिंग्टन ऐकले. चर्चच्या बाहेरही असलं काहीतरी असतं हे त्याला तेव्हा कळलं.

पोराने आधी ट्रॉम्बोन धरला, तो काही जमला नाही. मग चेलो. हा मात्र जमला. चेलो म्हणजे बासचा धाकटा भाऊ, मांडीजवळ धरून बसून वाजवायचा, माणसाच्या आवाजाच्या जवळ जाणारा. मिंगसचा कान तिखट होता, पण सुरुवातीच्या मास्तरांनी नोटेशन वाचायला नीट शिकवलंच नाही. कानावर भागवायची सवय लागली आणि मुलांच्या ऑर्केस्ट्रात वाचनाची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली.

पण खरी अडचण वाचनाची नव्हती. शाळासोबती बडी कॉलेट, जो पुढे स्वतः नावाजलेला सॅक्सोफोन आणि बासरीवादक झाला, त्याने मिंगसला सरळ सांगितलं की तू काळा आहेस. कितीही चांगला वाजवलास तरी शास्त्रीय संगीतात चेलोवर तुला पोट भरता येणार नाही. तेव्हा काळ्यांचं वाद्य घे, बास घे, आमच्या बँडला बासवाला हवाच आहे. कॉलेटच्या मनात वाईट काही नव्हतं. 1930 च्या दशकातल्या अमेरिकेत हा मित्राने मित्राला दिलेला व्यवहारी सल्ला होता.

मला वाटतं, मिंगसच्या पुढच्या आयुष्याची किल्ली या सल्ल्यात आहे. त्याने बास निवडला नाही. त्याच्या कातडीला जे वाद्य परवडत होतं ते त्याच्या हातात आलं. आणि मग त्याने ते असं वाजवायला घेतलं, की जणू कुणीतरी हिरावलेला चेलो त्यातून परत काढायचा आहे.

ही नुसती शोभेची उपमा नाही. चेलोच्या तारा एकमेकींपासून पाच स्वरांच्या अंतरावर लावतात, बासच्या चार स्वरांच्या. बोटांची सगळी गणितं बदलतात. बासवर दोन स्वरांमधलं अंतर इतकं मोठं असतं की चेलोवर सहज जाणारी एक तान बासवर घ्यायची तर अख्खा हात खालीवर पळवावा लागतो. बहुतेक बासवाले म्हणूनच मोजकं वाजवायचे. मिंगसने ती सवलत घेतली नाही. आधी रेड कॅलेंडर या जॅझ बासवाल्याकडे आणि मग हर्मन राइनशागेन यांच्याकडे तो शिकला. राइनशागेन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवून आलेले. त्यांच्याकडे त्याने पाचेक वर्षं काढली, गज पक्का केला, बोटं लोखंडासारखी केली. लॉइड रीस यांच्याकडे रचनाशास्त्र शिकला. वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास त्याने ऑर्केस्ट्रासाठी एक मोठी रचना लिहिली. ती रेकॉर्ड व्हायला 1960 साल उजाडलं.

पुढची दहा वर्षं भराभर सांगतो, कारण ती बहुतेक सगळ्या वादकांची असतात तशीच होती. लुई आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये काही काळ, लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये काही काळ. हॅम्प्टनच्या बँडने 1947 साली त्याची ‘मिंगस फिंगर्स’ ही रचना रेकॉर्ड केली, म्हणजे पंचविशीतच बोटांची ख्याती झालेली होती. तरी पोट भरेना. शेवटी गडी टपाल खात्यात लागला आणि घरोघरी पत्रं वाटू लागला.

तिथून त्याला बाहेर काढलं रेड नॉर्वो या गोऱ्या व्हायब्राफोनवादकाने. नॉर्वोच्या त्रिकूटात व्हायब्राफोन, गिटार आणि बास. ड्रम नाहीच. वर गती अशी की ऐकताना दम लागावा. ड्रम नाही म्हटल्यावर लय धरायची सगळी जबाबदारी बासवर, आणि त्या वेगात सूरही सांभाळायचा. 1950 आणि 51 मधली ही रेकॉर्डिंग्ज ऐकली की कळतं, मागच्या रांगेतला माणूस अख्खी गाडी ओढतोय. या त्रिकुटाला न्यूयॉर्कमध्ये टीव्हीवर वाजवायची संधी आली आणि कॅमेऱ्यासमोर मिंगसच्या जागी एक गोरा बासवाला उभा राहिला. कारण म्हणून वादकांच्या युनियनच्या कार्डाचा नियम पुढे केला गेला. मिंगसला त्यामागचं कारण कळत होतं. त्याने त्रिकूट सोडलं आणि न्यूयॉर्कमध्येच बस्तान मांडलं.

इथे त्याने जे केलं ते त्या काळी फार कमी वादक करत. 1952 साली पत्नी सीलिया आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्यासोबत स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. नाव ‘डेब्यू’. मोठ्या कंपन्या काळ्या वादकांना एकरकमी पैसे देऊन वाटेला लावतात आणि पुढची मलई स्वतः खातात, हे त्याने पाहिलं होतं.

मधल्या काळात, 1953 च्या सुरुवातीला, आयुष्यभराचं स्वप्नही पुरं झालं. एलिंग्टन यांच्या बँडमध्ये त्याला बोलावणं आलं, ब्लँटन जिथे उभा राहायचा त्याच जागी. काही दिवसांतच ट्रॉम्बोनवादक हुआन टिझोलशी त्याची मारामारी झाली, तीही प्रयोगाच्या वेळी. एलिंग्टन सहसा कुणाला काढत नसत, लोक कंटाळून आपणहून जायची वाट बघत. मिंगसला मात्र त्यांनी स्वतः, अत्यंत गोड शब्दांत, नारळ दिला.

त्याच वर्षी 15 मे रोजी कॅनडातल्या टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये एक मैफल झाली. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मॅक्स रोच आणि मिंगस. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर ऑल टाइम इलेव्हन. पण हॉल अर्धा रिकामा. कारण त्याच रात्री शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची हेवीवेट लढत होती. ती पहिल्याच फेरीत संपली, पण टोरंटोचं जे नुकसान व्हायचं ते झालं. पार्करने तर त्या रात्री प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. आयोजकांकडे सगळे पैसे चुकते करायला पुरेसा गल्ला नव्हता. मिंगस रेकॉर्डिंगच्या टेप घेऊन न्यूयॉर्कला परतला.

टेप लावून ऐकली तर पार्कर आहे, गिलेस्पी आहे, ड्रम आहे. बास जवळजवळ नाहीच. इतिहासातल्या सर्वात गाजलेल्या जॅझ मैफलींपैकी एकीत तो पूर्ण वेळ घाम गाळत होता आणि माईकपर्यंत काही पोचलंच नव्हतं. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. मिंगसने स्टुडिओत बसून, ती टेप ऐकत ऐकत, आपला बास पुन्हा वाजवून तिच्यावर चढवला आणि मग डेब्यूवर रेकॉर्ड बाजारात आणली. शुद्धतावादी मंडळी आजही यावर नाक मुरडतात. मला विचाराल तर त्याच्या जागी कुणीही हेच करायला हवं होतं.

1950 च्या दशकाच्या मध्यावर मिंगसने आपल्या बँडला ‘जॅझ वर्कशॉप’ म्हणायला सुरुवात केली. नाव कार्यशाळेचं, कारभार गुरुकुलाचा. लिहिलेली सुरावट वादकांपुढे ठेवायची त्याने बऱ्याच अंशी बंद केली. तो पियानोवर वाजवून किंवा तोंडाने गाऊन दाखवायचा आणि वादकाने ते कानाने उचलायचं. आपल्याकडे गुरू बंदिश देतो तशी. त्याचं म्हणणं असं, की कागदावरून वाजवलं की वादक कागद वाजवतो. कानातून आत गेलेलं बाहेर येताना वादकाचं होऊन येतं. लहानपणी वाचनात कच्चा राहिलेला पोरगा आता वाचनात पक्क्या लोकांना कागद खाली ठेवायला लावत होता.

धडे मात्र भर मैफलीत मिळायचे. एखादा वादक घोटवलेल्या, ठरावीक जागा घेऊ लागला की मिंगस वाजवता वाजवता त्याच्यावर ओरडायचा. मन भरलं नाही तर तुकडा मध्येच थांबवून, लोकांसमोर खरडपट्टी काढून, पहिल्यापासून सुरू करायचा. त्या काळी बहुतेक सगळे तरुण सॅक्सोफोनवाले चार्ली पार्करची नक्कल करत होते. जॅकी मॅक्लीन त्यातलाच. मिंगसने त्याला पार्करच्या सावलीतून अक्षरशः ओढून बाहेर काढलं. मॅक्लीनने पुढे त्याचं श्रेयही दिलं, आणि दोघांची हाणामारी झाली तीही झालीच. श्रोतेही सुटत नसत. क्लबमध्ये गप्पा मारणाऱ्यांना, ग्लासात बर्फ खळखळवणाऱ्यांना तो स्टेजवरून झापायचा.

डॅनी रिचमंडची गोष्ट यातली सगळ्यात गोड. हा पोरगा मुळात सॅक्सोफोन वाजवायचा आणि ड्रम हातात धरून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. मिंगसने 1957 च्या सुमारास त्याला बँडमध्ये घेतलं आणि स्वतःच्या हाताने घडवलं. पुढची जवळपास वीस वर्षं, मधले खंड सोडले तर, तो मिंगससोबत होता. हे दोघं मिळून चालत्या तुकड्याची लय दुप्पट करायचे, निम्मी करायचे, एकदम थांबवायचे, पुन्हा पकडायचे, तेही खुणेशिवाय. याचं मिंगसचं स्वतःचं तत्त्व होतं. मात्रा हा टिंब नाही, ते वर्तुळ आहे असं तो मानायचा. स्वर त्या वर्तुळात कुठेही पडू शकतो, जरा आधी, जरा नंतर, केंद्र मनात पक्कं असलं की झालं. आवर्तन आणि समेचा खेळ लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या कानांना हे समजायला फारसं अवघड जाऊ नये.

1957 च्या ‘द क्लाउन’ या अल्बममधलं ‘हेशन फाइट साँग’ ऐका. सुरुवातीला बास एकटाच आहे. तो बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो, तारा इतक्या जोरात खेचलेल्या की लाकडाचा आवाजही येतो. मग त्यातून एक छोटी, हट्टी सुरावट निघते आणि ती घेऊन बाकीचे एकेक करून आत येतात. बँडने बासला बोलावलेलं नाही. बासने बँडला बोलावलं आहे.

1959 हे वर्ष त्याचं. कोलंबिया या मोठ्या कंपनीने ‘मिंगस आह उम’ हा अल्बम काढला. मिंगस कधीच ऐकला नसेल तर इथूनच सुरुवात करा. यात चर्चचा तो गलका आहे. त्या मार्चमध्ये वारलेल्या लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकासाठी केलेली ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ आहे, ज्याच्या गोल टोपीवरून तिला हे नाव मिळालं. ती इतकी संथ आणि इतकी जड आहे की शोकसभेत कुणीच बोलू नये असं वाटावं. आणि त्यात ‘फेबल्स ऑफ फॉबस’ आहे.

हा फॉबस कोण? ऑर्व्हल फॉबस, अर्कान्सा राज्याचा गव्हर्नर. 1957 साली लिटल रॉक गावच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलांना प्रवेश मिळाला. फॉबसने त्यांना अडवायला राज्याचे सशस्त्र सैनिक उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवून मुलांना वर्गात पोचवावं लागलं. कुठल्या शाळेत बसायचं हे रंगावरून ठरवणाऱ्या माणसावर मिंगस चिडणार नाही तर कोण चिडणार? त्याने रचलेली धून मुद्दाम विदूषकी आहे, सर्कशीत जोकर आत यावा तशी. तिला फॉबसची टर उडवणारे शब्दही होते, पण कोलंबियाच्या रेकॉर्डवर ते नाहीत. पुढच्याच वर्षी ‘कँडिड’ या छोट्या कंपनीसाठी त्याने ती शब्दांसकट पुन्हा रेकॉर्ड केली. प्रश्न तो टाकतो, उत्तर रिचमंड देतो.

कँडिडचं हे रेकॉर्डिंगही मजेशीर आहे. मिंगसने स्टुडिओतले दिवे मंद केले आणि क्लब आहे असं समजून नसलेल्या श्रोत्यांना बर्फ वाजवू नका, गल्ल्याची घंटी वाजवू नका अशी तंबी दिली. याच अल्बममधल्या ‘व्हॉट लव्ह’ या तुकड्यात त्याचा बास आणि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट यांच्यात अक्षरशः भांडण होतं. डॉल्फी तेव्हा बँड सोडायच्या विचारात होता. मिंगस रागावतो, डॉल्फी समजावतो, मिंगस शिव्या देतो, दोघं हळूहळू निवळतात. एकही शब्द नाही, पण नवरा-बायकोचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकावं इतकं ते स्पष्ट आहे.

आता ज्या बाजूबद्दल चाहते जरा पटकन बोलून मोकळे होतात, ती बाजू. मिंगसचा राग फक्त अन्याय करणाऱ्यांवर निघत नव्हता. तो हाताखालच्या लोकांवरही निघायचा. ऑक्टोबर 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याची मोठ्या बँडची मैफल ठरली होती. संगीत संपता संपेना, वेळ अपुरा. त्याने ट्रॉम्बोनवादक जिमी नेप्परकडे आणखी काम मागितलं, नेप्परने नकार दिला आणि मिंगसने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. ट्रॉम्बोन वाजतो ओठ आणि दातांच्या जोरावर. नेप्परचे वरचे स्वर गेले, म्हणजे हातातली रोजीरोटीच गेली. कोर्टात मिंगस दोषी ठरला, शिक्षा स्थगित झाली. पुढे 1970 च्या दशकात नेप्पर पुन्हा त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायला आला हे खरं, पण त्यामुळे ठोसा कमी होत नाही. लहानपणी कुणीतरी आपल्याकडून चेलो काढून घेतला हे ज्याला कधी विसरता आलं नाही, त्याने दुसऱ्याचं वाद्य असं मोडावं, हे वाचताना मला फार अस्वस्थ व्हायला होतं.

ती टाउन हॉलची मैफलही फसली. स्टेजवर वादक बसलेत, आणि तिथेच टेबल मांडून नक्कलनवीस त्यांचे कागद उतरवताहेत. वेळ संपली आणि पडदा पाडला गेला.

याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा एलिंग्टन यांच्यासोबत वाजवायला बसला होता. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी काढलं ते पियानोवर, मॅक्स रोच ड्रमवर. ‘मनी जंगल’ हा तो अल्बम. मध्येच काहीतरी बिनसलं, मिंगस बास आवरून चालू लागला. एलिंग्टन त्याच्या मागे गेले आणि समजूत घालून परत आणलं. रेकॉर्डिंगमधली धुसफूस आजही ऐकू येते, आणि अल्बम जिवंत वाटतो तो त्यामुळेच. 1963 च्या ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ या अल्बमसाठी त्याने आणखी एक अजब गोष्ट केली. रेकॉर्डसोबतचं टिपण आपल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घेतलं. मनाच्या आजाराबद्दल लोक कुजबुजतही नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे.

मग उतार लागला. 1964 च्या युरोप दौऱ्यानंतर डॉल्फी तिकडेच राहिला आणि जूनमध्ये बर्लिनमध्ये वारला, मधुमेह आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मिंगसने त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव एरिक ठेवलं. 1966 साली भाडं थकल्यामुळे न्यूयॉर्कच्या ग्रेट जोन्स स्ट्रीटवरच्या जागेतून त्याला बाहेर काढण्यात आलं. तिथे त्याला संगीतशाळा काढायची होती. टॉमस राइकमन या तरुण दिग्दर्शकाच्या माहितीपटात हे सगळं दिसतं. सामान फुटपाथवर, कागद विस्कटलेले, आणि त्यातच तो बास. काही वर्षं त्याने संगीत जवळजवळ सोडूनच दिलं. त्याआधी कधीतरी त्याने मांजरांना माणसांच्या संडासात बसायला कसं शिकवावं यावर एक पुस्तिका काढली होती, पायऱ्यापायऱ्यांनी समजावून सांगणारी. वादकांशी इतक्या शांतपणे तो बोलला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

1971 साली त्याचं आत्मचरित्र आलं, गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, पुन्हा दौरे सुरू झाले. चांगले दिवस आले म्हणेपर्यंत बोटांनी दगा द्यायला सुरुवात केली. 1977 च्या अखेरीस निदान झालं, एएलएस. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना होता तोच आजार. मेंदू शाबूत राहतो, स्नायू एकेक करून निकामी होतात.

जानेवारी 1978 मध्ये तो व्हीलचेअरवर बसून स्टुडिओत आला. अल्बम त्याचा, रचना त्याच्या, बासवर एडी गोमेझ आणि जॉर्ज मराझ. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर जॅझची मैफल भरवली. सूत्रधाराने मिंगसचं नाव घेताच सगळे उठून उभे राहिले. त्याला उठता येत नव्हतं. तो हुंदके देऊन रडू लागला आणि कार्टर जाऊन त्याच्याजवळ उभे राहिले.

हात गेल्यावर त्याने काय केलं? टेप रेकॉर्डर सुरू करून गायला लागला. वीस वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये वादकांना ज्या पद्धतीने तो धुना द्यायचा, तीच आता एकमेव उरली होती. जोनी मिचेल या गायिकेला बोलावून त्याने तिच्यासाठी धुना रचल्या, तिने शब्द लिहिले. ‘मिंगस’ नावाचा तो अल्बम 1979 च्या जूनमध्ये आला. त्यात बास वाजवला आहे जाको पास्टोरियसने, इलेक्ट्रिक बासवर.

तो ऐकायला मिंगस नव्हता. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका गावी एका पारंपरिक वैदूकडे उपचार घ्यायला तो गेला होता, तिथेच 5 जानेवारी 1979 रोजी वारला. वय 56. तरुणपणी कॅलिफोर्नियात फारवेल टेलर नावाच्या चित्रकार मित्राने त्याला वेदान्ताची, कर्म आणि पुनर्जन्माच्या कल्पनांची ओळख करून दिली होती. ती आयुष्यभर सोबत राहिली. अस्थी गंगेत सोडाव्यात ही त्याचीच इच्छा. पत्नी सू मिंगस त्या घेऊन भारतात आल्या आणि त्यांनी ती पुरी केली.

सू यांनी त्यानंतर घरातले कागदांचे गठ्ठे उघडू दिले. अँड्र्यू होम्झी हे संगीत अभ्यासक यादी करायला बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या वाटणाऱ्या कागदांवरचे बारचे क्रमांक एकमेकांना जोडून येताहेत. 4000 हून अधिक बारची, दोन तासांहून मोठी एकच रचना. टाउन हॉलमध्ये ज्याच्यावर पडदा पडला ते याच रचनेचे तुकडे होते. मिंगसने तिचं नाव ‘एपिटाफ’ ठेवलं होतं, म्हणजे थडग्यावरचा लेख. 3 जून 1989 रोजी न्यूयॉर्कच्या अॅलिस टली हॉलमध्ये गुंथर शुलर यांनी तीसेक वादकांना घेऊन ती वाजवली.

सू यांनी ‘मिंगस बिग बँड’ही उभा केला. तो बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या जॅझ स्टँडर्ड क्लबमध्ये दर सोमवारी वाजवायचा. त्यात बासवर असतो मॉस्कोत जन्मलेला बोरिस कोझलोव. त्याच्या हातातल्या बासचं टोक, जिथे नेहमी साधी वेटोळी कोरलेली असते, तिथे सिंहाचं तोंड आहे. तो बास मिंगसचा आहे.